पाइपात उरलेलं बोटभर मीठ

मीठ चाखून बघायची सवय मला वडिलांनी लावली. मिठागरावर रास लागली की चिमूटभर जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, कडू लागतंय की नीट उतरलंय, अजून एक ऊन पाहिजे की पुरे. सातवीत शाळा सोडली ती याच कामासाठी. मिठाचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम एकाच वेळी यायचा, आणि घरात मिठागराला माणूस कमी होता. त्यामुळे येरमाळ्याच्या माळावर पहिल्या दिवशी सरांनी पांढऱ्या गोण्यांची थप्पी दाखवून "हे आपलं मीठ" असं सांगितलं, तेव्हा मी काही विचार न करता एका फाटक्या गोणीत बोट घातलं आणि जिभेला लावलं.

जीभ गार पडली. थंडीत उघड्यावर राहिलेलं पाणी लागावं तशी. आणि मागून कडू.

सर धावतच आले. पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली, थुंका म्हणाले, चूळ भरा म्हणाले, पुन्हा भरा म्हणाले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, लातूरकडचा, इंजिनिअर झालेला. मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला सर म्हणायचो आणि तो मला काका. चूळ भरून झाल्यावर त्याने मला माळावरच्या मोठ्या आरशांच्या सावलीत बसवलं आणि विचारलं, तुम्ही आधी नक्की कसलं काम करत होता.

मी खरं ते सांगितलं. समुद्राकाठच्या मिठागरावर. खाऱ्या पाण्याचे वाफे, फळीने ओढायचं, टोपलीने वाहायचं. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं ते निघालंच नाही, आणि मालकाने पुन्हा बांध घालायचं नाव काढलं नाही. मग गावात एक ठेकेदार आला. मिठाच्या कामातला माणूस पाहिजे, लांब जावं लागेल म्हणाला. मी तयार म्हणालो. पनवेल, पुणे, बार्शी असं करत एसटी वर वर चढत गेली, समुद्र मागे मागे राहिला, आणि मला कळेना की इतक्या उंच कोरड्या मुलखात मीठ पिकवतात कशाचं. पण वाटेत कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर उलट आलं, तर परत फिरावं लागेल ही भीती.

सर हसले. त्यांनी ठेकेदाराकडे असा माणूस मागितला होता, ज्याने वितळलेल्या मिठाच्या भट्टीवर काम केलंय. कारखान्यांत लोखंडाला पाणी द्यायला तसल्या भट्ट्या असतात म्हणे. ठेकेदाराने त्यातलं 'मीठ' तेवढं ऐकलं, बाकीचं ऐकलं असेल-नसेल. मी उठून उभा राहिलो. पिशवी उघडलीही नव्हती, तशीच उचलायला वाकलो. सर म्हणाले, आता आलाच आहात तर राहा, आरसे पुसायला माणूस लागतोच, बाकीचं शिकाल.

त्या दिवसापासून मी तिथे राहिलो, पण चुकून आलेला माणूस म्हणून. हे माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. उपकाराने मिळालेली जागा जपताना माणूस जास्तच घाबरतो. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचो आणि कुणी न सांगता एक फेरी मारून यायचो, आपल्या हातून काही राहिलं तर नाही ना बघायला.

तिथलं काम कसं चालायचं ते मला आता सांगता येतं, तेव्हा काही समजत नव्हतं. माळावर आरशांच्या रांगा होत्या, उताण्या ठेवलेल्या पन्हळीसारख्या वाकवलेल्या, उन्हाकडे हळूहळू वळणाऱ्या. प्रत्येक रांगेच्या मधोमध एक पाइप. आरसे सगळं ऊन त्या पाइपावर टाकायचे आणि पाइपातून वितळलेलं मीठ फिरायचं. फिरून तापलं की टाकीत यायचं. टाकीला बाहेरून इतकं जाड वेष्टण होतं की हात लावला तर नुसती कोमट लागायची, आणि आत काय होतं ते सर सांगायचे तेव्हा माझा विश्वास बसायचा नाही. त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर एक छोटं जनित्र फिरायचं, त्या विजेवर दूध थंड करायचं यंत्र चालायचं. उरलेली वाफ तारेच्या कुंपणापलीकडे शेजारच्या मावशींच्या खव्याच्या कढयांना.

दूध उजाडायच्या आधी येतं आणि ऊन नंतर. म्हणून कालचं ऊन रात्रभर धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते हे मीठ. सरांनी मला हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी कळलं म्हणालो, कारण चौथ्यांदा विचारायची लाज वाटली.

खरी गोष्ट ही की माझ्या डोक्यात सगळं उलटं बसत होतं. आमच्याकडे ऊन पाण्याचं मीठ करतं. इथे ऊन मिठाचं पाणी करत होतं. एकदा सरांनी टाकीवरच्या झाकणातून लांबून दाखवलं. पिवळसर झाक असलेलं, स्वच्छ, पातळ, पाण्यासारखंच हलणारं. त्यात पाण्याचा थेंब नाही म्हणे. मी वाकून बघत राहिलो आणि सरांनी दंड धरून मला मागे ओढलं.

त्यात एक दिवस वाटेने जाणारा एक द्राक्षबागाईतदार गोण्या बघून आत आला. त्यावरचं वाचून म्हणाला की यातलं एक खत तर आम्ही ठिबकातून बागेला सोडतो, एवढं आणून तुम्ही ते वितळवता कशापायी. सरांनी त्याला सांगितलं की बरोबर आहे, खतातही असतं. तो मान हलवत गेला. म्हणजे खतही खरं, मीठही खरं, आणि विस्तव सांभाळून ठेवायची वस्तू हेही खरं. घरी फोनवर बायकोने विचारलं की तिकडचं मीठ कसं आहे, तर मी म्हणालो, गार आहे. ती म्हणाली, आणि काम? मी म्हणालो, गरम. तिने मला जेवलास का विचारलं.

मावशी म्हणजे साठीच्या बाई. त्यांची खव्याची भट्टी त्या भागात जुनी. आसपासच्या वस्त्यांवरून दूध त्यांच्याकडे यायचं. सरांच्या लोकांनी त्यांना वाफेच्या कढया बसवून दिल्या होत्या, लाकूड वाचेल, धूर जाईल म्हणून. मावशींनी कढया घेतल्या, पण जुनी लाकडाची भट्टी मोडली नाही, आणि लाकडांचा ढीग कागदाखाली झाकून तसाच ठेवला. मला त्या पहिल्या दिवसापासून पावणं म्हणायच्या. दुपारी कुंपणावरून भाकरी आणि ठेचा द्यायच्या आणि विचारायच्या, समुद्राला कधी जायचं पावणं. मी हसायचो, पण आत लागायचं. इथला नाहीस, हेच त्या विचारतायत असं वाटायचं.

महिनाभर आरसे पुसल्यावर सरांनी मला एक काम स्वतंत्र दिलं. संध्याकाळचा व्हॉल्व्ह.

गोष्ट अशी होती. ते मीठ जरा थंड झालं की दगड होतं. नुसतं घट्ट नाही, छिन्नीने फुटणार नाही असा दगड. टाकीत ते गरम राहतं, पण ऊन गेल्यावर आरशांवरचे पाइप निवतात. म्हणून संध्याकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाइप उतारावर बसवलेले, त्यामुळे सगळं मीठ आपोआप टाकीत उतरतं. आत खळखळ ऐकू येते, मग ती बारीक होते, मग टिपटिप, मग काही नाही. सरांनी सांगितलं होतं, आवाज थांबला की दहा मिनिटं थांबा आणि मगच बंद करा. सकाळी पंप सुरू करायच्या आधी पाइपांना गुंडाळलेली विजेची तार अर्धा तास चालू ठेवायची, पाइप तापले की मीठ सोडायचं.

पहिल्या संध्याकाळी मी व्हॉल्व्ह उघडला. खळखळ बारीक झाली. टिपटिप सुरू झाली. आणि माझा हात आपोआप बंद करायच्या बाजूला फिरला.

हे मला नीट सांगता आलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. मिठागरावर वाफा कधीही पुरता कोरडा करत नाहीत. मीठ ओढून झालं तरी बोटभर जुनं पाणी तळाला ठेवायचं. नाही ठेवलं तर तळाच्या मातीला भेगा पडतात, पुढच्या मिठात चिखल येतो, आणि नवं पाणी धरायला वेळ लागतो. वडील वाफ्यात बोट बुडवून दाखवायचे, पहिल्या पेरापर्यंत ओलं झालं की बास. घरातही मिठाची बरणी आई कधी खरवडून रिकामी करायची नाही. तळाला थोडं असतानाच वर नवं ओतायची. रिकामं करून सोडणं हे मला हाताने जमतच नव्हतं. दहा मिनिटं सरांनी सांगितली होती, ती मला आठवत होती. पण मनात असं आलं की सर शिकलेले आहेत, तरी मिठात हात माझे गेलेत. थोडं मागे राहिलं तर सकाळी नवं मीठ लवकर धरेल. मी व्हॉल्व्ह बंद केला.

सकाळी तार चालू केली, अर्ध्या तासाने पंप, मीठ नीट वाहिलं. मी मनात म्हटलं, बघा. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मला महिनाभरात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला यातलं काहीतरी कळतंय.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींचा खवा टाकीतल्या कालच्या उष्णतेवर झाला. ऊन वर आलं, सरांनी पंप चालू केला, आणि पंप नुसता घुमत राहिला. मीठ पहिल्या रांगेच्या वळणापलीकडे जाईना. सरांनी पंप बंद केला, आरसे उन्हापासून फिरवले. मोबाइलवर आकडे बघितले, पाइपाच्या कडेने चालत गेले, परत आले. म्हणाले, कुठेतरी गोठलंय. तार गेली असेल.

तार गेली असेल, हे ऐकून मला एक क्षण बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच भीती वाटली.

सरांनी वळणाजवळचं वेष्टण सोडलं. आत तार एका जागी काळी पडून तुटली होती. त्यांनी ती बोटाने दाखवली आणि म्हणाले, ही बघा. मग जोडाचे बोल्ट काढून पाइपाचं तोंड उघडलं. आत पांढरं मीठ. सगळा पाइप भरलेला नव्हता. वळणाच्या अलीकडे ते तळाला साचलेलं होतं, पन्हळीत पाणी साचावं तसं, आणि पुढे जिथे पाइप किंचित खाली जातो तिथे पुरतं बसलं होतं. सर म्हणाले, इतकं कसं राहिलं आत, उतार तर बरोबर आहे.

मी बघितलं आणि मला कळलं. ते साचलेलं मीठ बोटाच्या पेराएवढं जाड होतं.

सर तार आणायला खोलीकडे गेले. मी माझ्या पत्र्याच्या खोलीत गेलो, पिशवीत दोन पँटी, तीन सदरे, पांघरूण भरलं आणि चेन लावली. सांगायचं तर होतंच. पण सांगितल्यावर कुणी जा म्हणायच्या आत आपणच तयार असावं, एवढंच डोक्यात. येरमाळ्याहून बार्शीची गाडी किती वाजता असते हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणून पिशवी घेऊन मावशींना विचारायला कुंपणापलीकडे गेलो.

मावशी जुन्या भट्टीतली राख काढत होत्या. कागदाखालची लाकडं बाहेर आली होती. उद्याच्या दुधाची सोय. माझ्या हातातली पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "गाडी संध्याकाळी हाय. तवर उलथनं तरी धरा, पावणं. दुपारचं दूध आलंय आन पोरगा गेलाय भूमला."

टाकीत उरलेल्या उष्णतेवर अजून वाफ होती, पण वाफ असली तरी कढई हलवावी लागतेच. मी लांब दांड्याचं उलथनं धरलं आणि दूध हलवत राहिलो. हलवताना सगळं त्यांना सांगितलं. वाफा, बोटभर पाणी, बरणी, तीन दिवस नीट चाललं ते. त्यांनी ऐकत ऐकत भट्टीतली राख घमेल्यात भरली. खवा धरायला लागला तेव्हा उलथनं माझ्या हातातून घेतलं, कढईच्या कडा खरवडायला लागल्या, आणि म्हणाल्या की आमच्यात उलटं असतंय. कढईत थेंब मागं ठेवला तर दुसरा घाणा नासतो. त्यांच्या सासूने नव्या नवरीला पहिली शिकवलेली गोष्ट हीच, कढई अशी घासायची की त्यात तोंड दिसावं.

"मग कुणाचं खरं, मावशी?"

"मला इचारता? मी खवा करती. तुमच्या पायपात काय असतं ते त्या पोराला इचारा."

मग पिशवीकडे बघून म्हणाल्या, "आन सांगायचं आसंल तर जाऊन सांगा. पिशवी घिऊन सांगितलं की ते भांडण वाटतंय."

मी पिशवी तिथेच दुधाच्या कॅनमागे ठेवून गेलो.

सर पाइपाशी उकिडवे बसून नवी तार गुंडाळत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चार संध्याकाळी मी टिपटिप चालू असतानाच व्हॉल्व्ह बंद केला. दहा मिनिटं थांबलो नाही. विसरून नाही, मुद्दाम. आणि का ते सांगितलं. सांगताना मला हवेत बोट धरून दाखवावं लागलं, पहिल्या पेरापर्यंत. सर माझ्या बोटाकडे बघत होते आणि मग पाइपातल्या मिठाकडे.

ते चिडले. हे लिहायला हवं, कारण पुढचं चांगलं झालं म्हणून मधलं गाळणं बरं नाही. सांगितलेलं ऐकायचं नव्हतं तर विचारायचं तरी, असं म्हणाले, आणि आवाज चढला होता. इथे चारशे-पाचशे अंशांची वस्तू फिरते, अंदाजाने कुणी काही करायचं नाही. मी मान खाली घालून ऐकलं. मग मी विचारलं, म्हणजे माझ्यामुळेच झालं ना.

सर थांबले. म्हणाले, तार शाबूत असती तर तुम्ही ठेवलेलं रोजच्यासारखं वितळलं असतं. पाइप रिकामा असता तर तार तुटूनही एवढं घट्ट बसलं नसतं. "दोन्ही आहे, काका. अर्धं तुमचं, अर्धं तारेचं. आणि तार का तुटली ते मला माहीत नाही."

मला अजून माहीत नाही. राहिलेल्या मिठामुळे ती तिथे जास्त तापली का, की ती जाणारच होती. सरांनी वर कळवलं, तिकडूनही नीट उत्तर आलं नाही. माझ्या वाट्याचं अर्धं खरंच अर्धं होतं की जास्त, हा हिशेब अजून माझा लागलेला नाही.

दुपारभर आम्ही दोघांनी ते मीठ सोडवलं. सरांनी बजावलं की मधेच तापवायचं नाही. मधलं आधी वितळलं तर फुगतं, दोन्हीकडे वाट नसते, पाइप फाटतो. उघड्या तोंडापासून सुरुवात, वितळेल तसं पुढे सरकायचं. नवी तार वीतभर पुढे घ्यायची, थांबायचं, पाइपाखाली ठेवलेल्या लोखंडी पाटीत थेंब पडायला लागले की पुन्हा वीतभर. हातमोजे, तोंडावर काच. घाई केली असती तर संपलं होतं, आणि मला घाई करायला जमलंच नसतं. मिठाची वाट बघणं हे एकच काम मला लहानपणापासून येतं. ऊन कलायच्या सुमारास पाइपातून उजेड आरपार दिसला. सरांनी जोड बसवला, पंप चालू केला, आरसे उन्हाकडे वळवले. तासाभराचं ऊन उरलं होतं. तेवढं टाकीत गेलं.

ते पुरेल का, मी विचारलं. सर म्हणाले, टाकीत तळाला कायम हातभर मीठ ठेवलेलं असतं, पंप आणि तापवायची नळी त्यात बुडलेली राहायला हवी. टाकी कधीच रिकामी करायची नसते. सकाळी एक घाणा निघेल, जास्तीचं काही नाही.

"म्हणजे टाकीत ठेवायचं?"

"टाकीत ठेवायचंच. पाइपात नाही."

मी बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिलो. वडिलांचं खरं होतं, पण चार पावलं पलीकडच्या भांड्यात. बोटभर नाही, हातभर. आणि इथे, या पाइपात, मावशींच्या सासूचं खरं होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं का, तेही मला सांगता येत नाही.

संध्याकाळ झाली. मला वाटलं व्हॉल्व्ह आता सर स्वतः उघडतील. ते मोबाइलवर काहीतरी लिहीत उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, काका, वेळ झाली. मी व्हॉल्व्ह उघडला. खळखळ, मग बारीक, मग टिपटिप. हात वळवळायला लागला तसा मी तो पाठीमागे धरला. आवाज थांबला. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. दहा मिनिटं मी काट्याकडे बघत उभा होतो. पाइप आतून रिकामा आहे या विचाराने उघडं दार सोडून घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं. मग बंद केला.

घड्याळ परत द्यायला गेलो तर सर म्हणाले, राहू द्या, रोज लागेल.

पिशवी आणायला कुंपणापलीकडे गेलो. मावशींनी ती कॅनमागून काढून उंचावर, खुंटीला अडकवली होती, दुधाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. जुन्या भट्टीत लाकडं रचलेली तशीच होती. म्हणाल्या, एक घाणा वाफेवर, बाकीचा लाकडावर, सकाळी लवकर या, हलवायला माणूस न्हाय. गाडी गेली का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पावणं मात्र त्या अजून म्हणतात.

खोलीत येऊन मी चेन उघडली. पांघरूण काढलं, पँटी काढल्या, दोन सदरे खिळ्याला लावले. एक सदरा पिशवीच्या तळाशी राहू दिला. तो अजून तिथेच आहे. काढायचा म्हटलं तर केव्हाही काढता येईल, पण हात जात नाही.